गायरान की मक्त्याचे शेत?

मीटरवाला येतो, मीटरचा फोटो टिपतो आणि जातो. एखाद्या महिन्यात तो आलाच नाही, की हाती पडते ते सरासरीचे बिल! कापूस विकायचा असतो आणि बिल मात्र दारात हजर, हे दुःख यवतमाळ जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. आता स्मार्ट मीटर आपले आकडे आपणच रेडिओलहरींवरून धाडतात. पण कोणत्या लहरींवरून?

वाचकहो, जमिनीसारखी आकाशाचीही वाटणी झालेली आहे! मोबाइल कंपन्या लिलावात 20 वर्षांसाठी लहरी घेतात. ते त्यांचे मक्त्याचे शेत. मीटरला तिथे शिरायचे तर सिमकार्डाचे भाडे पडते. पण परके ढोर आत येत नाही. उलट 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा सरकारने 2005 साली परवानामुक्त केला आणि 2021 साली 868 पर्यंत वाढवला. हे गायरान. भाडे नाही, मात्र प्रक्षेपकाची शक्ती फार तर 1 वॅट, आणि शेजाऱ्याच्या गलक्याबद्दल दाद मागता येत नाही.

यवतमाळ शहरात गायरान शोभते. घराला घर लागलेले. एका मीटरने दुसऱ्याच्या कानात सांगावे, असा निरोप आकडे गोळा करणाऱ्या पेटीपर्यंत पोचतो. झरी-जामणीच्या एखाद्या कोलाम पोडावर घरे थोडी. तिथे ही साखळी तुटते. मग सिमकार्ड बरे, पण टॉवरची रेंज हवी.

तेव्हा आधी घरे मोजावीत, रेंज पाहावी, मगच लहर निवडावी. मीटर मुका झाला, तर गरिबाच्या नशिबी पुन्हा सरासरीच!