गाडी घ्या, पण घर बघून!

पौष पौर्णिमेची म्हसा यात्रा जवळ आली की आमच्या शहापूर-मुरबाडच्या घराघरांत एकच लगबग सुरू होते. पुरुषमंडळी बैलबाजाराच्या गप्पा मारतात, आजीला घोंगडी हवी असते आणि पोरांचे डोळे लागलेले असतात खेळण्यांच्या दुकानांकडे. त्यातही गेली काही वर्षं एकाच खेळण्याचा धोशा... रिमोटची गाडी! मोबाइलवर कुणाची तरी गाडी दगडांवरून चढताना पाहिलेली असते, नाहीतर शेजारच्या घरी मुंबईच्या काकांनी आणून दिलेली असते. मग काय, "आई, मला पण!"

तानसा परिसरातल्या बचत गटांच्या बैठकांना मी जाते. हप्ते, कर्ज, खतं-बियाणं असं सगळं बोलून झालं की बायका हळूच घरातले प्रश्न काढतात. मागे एक वहिनी म्हणाल्या, "ताई, जत्रेत तीनशेची गाडी घेतली, तिसऱ्या दिवशी बंद. आता पोरगं म्हणतं दुसरी घे. किती वेळा घ्यायची?" मजुरीला जाणाऱ्या बाईचे तीनशे रुपये म्हणजे जवळजवळ एका दिवसाचा घाम. म्हणून म्हटलं, आज याच विषयावर लिहावं. विषय खेळण्याचा असला तरी पोरखेळ नाही!

"कोणती गाडी चांगली, तेवढं सांगा ना," असं तुम्ही म्हणाल. पण मैत्रिणींनो, एकाच्या घरी वर्षभर पळणारी गाडी दुसरीकडे आठवड्यात अडगळीत जाते. म्हणून दुकानदाराला किंमत विचारण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. गाडी चालणार कुठे? चालणार कशावर? आणि चालवणार कोण?

चालणार कुठे?

खोक्यावरच्या चित्रात लाल चकचकीत, जमिनीला टेकलेली रेसची गाडी असते. ती शहरातल्या गुळगुळीत फरशीसाठी. आपल्याकडे शेणाने सारवलेलं अंगण, पुढे खडी, नाहीतर भातकापणीनंतरचं खाचर. अशा जमिनीवर तिचं पोट लगेच टेकतं, कडक प्लॅस्टिकची चाकं जागच्या जागी फिरतात आणि आतल्या मोटारीवर ताण येतो. अंगणात खेळायचं असेल तर चाकं मोठी, रबराची, खोल नक्षीची हवीत आणि गाडीचं पोट जमिनीपासून निदान दोन बोटं वर हवं. दगडावर चढणाऱ्या ज्या गाड्या मिळतात, त्या दिसायला दांडगट पण चालीला हळू असतात. नव्याने शिकणाऱ्या मुलाला तीच चांगली. हळू गाडी भिंतीवर आपटली तरी मोडत नाही आणि मुलाला वळवायला वेळ मिळतो.

एक बारीक गोष्ट. पेंढ्याच्या काड्या, केस, धागे चाकाच्या दांडीला गुंडाळले जातात आणि गाडी "आपोआप" बंद पडते. आठवड्यातून एकदा उलटी करून ते काढून टाका. पावसाळ्यात गाडी घरातच बरी. खोक्यावर पाण्यात चालते असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर डबक्यात घालू देऊ नका.

आणि रस्ता! आपल्या अनेक घरांचं अंगण थेट रस्त्याला लागून आहे. आटगाव, खर्डी, शहापूर भागात तर मुंबई-नाशिक महामार्गच जवळ. मुलाचं लक्ष गाडीवर असतं, येणाऱ्या डंपरवर नसतं. खेळायची जागा तुम्ही ठरवून द्या. शक्यतो घराच्या मागची.

याच कारणासाठी रिमोटच्या बोटीचा मोह टाळा. गंमत म्हणजे रिमोटचा जन्म बोटीपासूनच झाला. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर बिनतारी लहरींवर चालणारी छोटी बोट दाखवली, तेव्हा लोक चकित झाले होते. आपलं तानसा धरण त्याच्या सहा वर्षं आधीचं, १८९२ चं. पण आपल्याकडच्या तलावात, शेततळ्यात बोट अडकली की मूल ती काढायला पाण्यात उतरतं. ती वेळच नको. ड्रोनचंही तसंच. आपला बराचसा भाग तानसा अभयारण्याचा. तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नसतो. सुरुवात जमिनीवरच्या गाडीनेच करावी.

चालणार कशावर?

खरा खर्च गाडीचा नाही हो, सेलचा! स्वस्त गाडीला बहुतेक वेळा गाडीत तीन-चार आणि रिमोटमध्ये दोन पेन्सिल सेल लागतात. गाडीतले साधे सेल तास-दीड तासात मान टाकतात. दर रविवारी नवे सेल घ्यायचे तर दोन-तीन महिन्यांत गाडीइतकेच पैसे सेलवर जातात. म्हणून थोडे जास्त पैसे घालून चार्जिंगची गाडी घेतलेली परवडते. तिच्यात लिथियमची छोटी बॅटरी आणि सोबत यूएसबीची वायर असते. एक-दोन तास चार्ज केली की ती साधारण पंधरा-वीस मिनिटं पळते. "एवढंच?" असं मुलं म्हणतील. पण मला विचाराल तर ही सोयच आहे, खेळ आपोआप संपतो आणि अभ्यासाला बसवायला ओरडावं लागत नाही!

चार्जिंगला मात्र शिस्त हवी. सोबत आलेलीच वायर वापरा, मोबाइलचा जलद चार्जर लावू नका. रात्रभर लावून झोपू नका. अंथरुणावर, गवताच्या पेंढ्याजवळ ठेवू नका. खेळून गाडी गरम झाली असेल तर थंड झाल्यावरच लावा. बॅटरी फुगलेली दिसली तर ती वापरणं बंद. आणि आपल्याकडे कचरा पेटवायची सवय आहे ना, त्यात किंवा चुलीत सेल-बॅटरी कधीही टाकू नका. फुटते. ती वेगळी ठेवून तालुक्याला गेल्यावर इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

रिमोटबद्दलही दोन शब्द. अगदी स्वस्त गाडीच्या रिमोटला दोनच बटणं असतात. ती पुढे सरळ जाते आणि मागे येताना वळते. मूल दोन दिवसांत कंटाळतं. निदान पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा चारही हालचाली हव्यात. घरात दोन मुलं असतील आणि दोन गाड्या घ्यायच्या असतील तर खोक्यावर "२.४ गिगाहर्ट्झ" लिहिलेलं बघा. जुन्या पद्धतीच्या, २७ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या दोन गाड्या एकत्र चालवल्या तर एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी पळते आणि मग जी भांडणं होतात, ती सोडवायला आपणच! काही चिमुकल्या गाड्या टीव्हीच्या रिमोटसारख्या किरणांवर चालतात, त्या भर उन्हात नीट ऐकत नाहीत. आपल्या अंगणाला त्या काय कामाच्या?

किमतीचं म्हणाल तर ढोबळमानाने तीन पायऱ्या. तीनशे-पाचशेची जत्रेतली गाडी, आठशे ते दीड हजारांची चार्जिंगची दणकट गाडी आणि तीन हजारांच्या पुढच्या, रिमोट जेवढा फिरवू तेवढीच वळणाऱ्या, वेगवान गाड्या. पहिल्यांदा घेणाऱ्या घराला मधली पायरी पुरे. तिसरी पायरी मूल दहा-बारा वर्षांचं झालं, आवड टिकली, तर बघू. दोन जत्रांच्या दोन गाड्यांऐवजी एकच मधली घेतली तर हिशेब तोच बसतो.

चालवणार कोण?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण याचं उत्तर देताना आपण फक्त हट्ट करणारं मूल बघतो. गाडी मात्र घरातल्या सर्वांत लहान बाळाकडे बघून घ्यायची. आठ वर्षांच्या दादाचं खेळणं रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात जायला कितीसा वेळ लागतो?

काही छोट्या रिमोटमध्ये, आवाज करणाऱ्या खेळण्यांमध्ये बटणासारखे चपटे सेल असतात. हा सेल बाळाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. वापरून संपलेला सेलसुद्धा घातकच. म्हणून ज्या खेळण्याचं सेलचं झाकण नुसत्या नखाने उघडतं, ते घरात आणूच नका. झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. बाळाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, लाळ गळायला लागली, गिळता येईना झालं, तरी उद्यावर ढकलू नका. ओकारी काढायची नाही, केळं-भात भरवायचा नाही, थेट दवाखाना गाठून एक्स-रे काढायला सांगायचं. १०८ नंबरची रुग्णवाहिका याच कामाला आहे. "नाणं गिळलं असेल, पडेल उद्या," असं म्हणणाऱ्या आजीबाईंना हे आजच सांगून ठेवा.

दुसरी खूण म्हणजे आयएसआय. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. कोपरे, सुटे भाग, रंगातली विषारी द्रव्यं आणि विजेवरच्या खेळण्यांचं तापणं यांची तपासणी त्यात असते. शिक्क्याजवळ परवान्याचा नंबर असतो. मोबाइलवर "बीआयएस केअर" हे ॲप घेऊन त्यात तो नंबर टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. शिकलेल्या लेकीला हे काम द्या, दोन मिनिटांत करून देईल. खोक्यावर वय काय लिहिलंय तेही तिच्याकडून वाचून घ्या.

लेकीवरून आठवलं. या लेखातलं माझं खरं दुखणं हेच आहे. घरात रिमोटची गाडी येते ती "पोरासाठी". पोरीला बाहुली, टिकल्यांचं पाकीट, नाहीतर काहीच नाही. मी अंगणांतून पाहते, भाऊ ओटीवर बसून बटणं दाबतो आणि गाडी झुडपात अडकली की, "ए ताई, काढ ना!" ताई कडेवर धाकट्याला घेऊन धावते, गाडी सरळ करते, परत येते. खेळणं घरात आलं, पण तिच्या वाट्याला फक्त धावपळ! एका घरी मी आईला विचारलं, "तिला पण द्या की थोडा वेळ." तर म्हणाल्या, "तिला काय करायचंय त्यातलं?"

काय करायचंय? अहो, गाडी समोरून आपल्याकडे येत असेल तर डावं-उजवं उलटं होतं, हे तिने हाताने अनुभवायचंय. वेग कधी कमी करायचा, किती लांबून वळायचं, याचा अंदाज बांधायचाय. पुढे तिला स्कूटर शिकायची असेल, ट्रॅक्टर चालवायचा असेल, आयटीआयला जायचं असेल, तर यंत्राची भीती इथेच जाते. यंत्र पुरुषांनी चालवायचं आणि बाईने पुसायचं, हा धडा मुलं आपल्याच अंगणात शिकतात. मग तो खोडायचा पण तिथेच.

एक साधा नियम आमच्या गटातल्या काही घरांत चालू आहे. घड्याळ लावून पाच-पाच मिनिटांची पाळी, मोठी-लहान, मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखी. ज्याच्या हातात रिमोट, अडकलेली गाडी त्यानेच काढायची. पहिल्या दिवशी रडारड होते, चौथ्या दिवशी मुलं स्वतःच घड्याळ बघतात.

आणि ज्यांना मधली पायरीही जड जाते त्यांनी मन खट्टू करायचं कारण नाही. दोन-तीन घरांनी मिळून एक गाडी घ्यावी, आठवडे वाटून घ्यावेत. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये १९३५ पासून मुलांना ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी खेळणी घरी द्यायची सोय सुरू झाली. मंदीचे दिवस होते, लोकांकडे पैसे नव्हते. आपल्या अंगणवाडीत किंवा गटाच्या खोलीत अशी एक पेटी ठेवायला कुणाची हरकत असणार? जुनी पण चालू खेळणी त्यात जमा करायची, वहीत नाव लिहून न्यायची.

गाडी बंद पडलीच तर लगेच भंगारात देऊ नका. आधी सेलच्या जागेतली स्प्रिंग गंजली आहे का बघा, कोरड्या कापडाने पुसा. एखादी वायर सुटलेली असते. बाजारातला रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारा ती जोडून देतो. अगदीच गेली तर सेल काढून मुलांना उघडू द्या. आतली छोटी मोटार, दातेरी चाकं बघून त्यांना कितीतरी कळतं. टाकाऊतून विज्ञान शिकवणारे पद्मश्री अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकामध्ये वर्षानुवर्षं हेच केलं. आपल्याकडची मुलंही काही कमी नाहीत. तुटक्या स्लिपरची चाकं कापून, तार वाकवून गाडी करणारी ही पोरं. तीच मोटार त्या तारेच्या गाडीला बसवायला सांगा आणि मग गंमत बघा.

तेव्हा या वेळी जत्रेत किंवा कल्याणच्या बाजारात गेलात तर घाई करू नका. दुकानदाराला गाडी जमिनीवर चालवून दाखवायला सांगा, चारही बाजूंना वळते का बघा, झाकणाचा स्क्रू बघा, शिक्का बघा, पावती घ्या. लाजायचं नाही, पैसे आपले आहेत. आणि चालवून बघायला रिमोट पहिल्यांदा लेकीच्या हातात द्या. बघा, पटतंय का!