जुन्या येझदीचे स्पेअर आणि सोनगीरचे तांबे

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी जुन्या येझदी अजून इंजिन बांधायला येतात. २०१८ साली जावा पुन्हा बाजारात आली खरी, पण ती चार स्ट्रोकची. तिचे पार्ट जुन्या दोन स्ट्रोक इंजिनाला चालत नाहीत. मग मिस्त्री मुंबईच्या चोर बाजारात खेपा घालतो. तिथे वापरलेला पार्ट घासूनपुसून नवा म्हणून गळ्यात मारणारेही भेटतात. ऐब लपवून माल विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही. जुना पार्ट बिलावर जुनाच लिहावा.

आमचे म्हणणे, प्रत्येक पार्टसाठी मुंबई गाठू नये. हेडचे तांब्याचे पॅकिंग सोनगीरलाच कापून घेता येईल. ठोकून कडक झालेले तांबे लाल तापवले की नरम होते, हे आपल्या कारागिराला कोणी शिकवायला नको. मात्र पिस्टन पिनच्या बुशला भांड्यांचे पितळ लावू नये. तिथे फॉस्फर ब्राँझच हवे. पितळ लवकर झिजते आणि इंजिन वाजू लागते.

पिस्टन, रिंगा, बेअरिंग विकतच घ्यावे लागतात. ओव्हरसाईज पिस्टन आधी हातात येऊ द्यावा, मगच त्याच्या मापाने बोअर करावे. आधी बोअर केले तर त्या मापाचा पिस्टन मिळेपर्यंत गाडी दुकानातच उभी राहते.