कंपनीच्या पेटीत बाजारचा बोर्ड

कार्यालयांतून बाद झालेले डेल, एचपीचे संगणक जुन्या बाजारात येतात. बोर्ड जळालेला असला तरी पेटीचा पत्रा धडधाकट असतो. दुरुस्तीचे काम करणाऱ्या बांधवांनी ती भंगारात घालण्यापूर्वी टेप लावून पाहावी.

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे माप ठरवले. त्यातला मायक्रो एटीएक्स बोर्ड जास्तीत जास्त ९.६ इंच चौरस. कंपनीच्या पेटीत मागच्या जोडण्यांची भोके पुष्कळदा पत्र्यातच पाडलेली असतात, तिथे ६.२५ बाय १.७५ इंचांची खिडकी कापावी लागते. बोर्डाखालचे टेकू नव्या भोकांशी जुळवून घ्यावेत. जुना एखादा टेकू भलत्या जागी राहिला तर बोर्ड शॉर्ट होतो. लोखंडाच्या किसाचेही तेच, म्हणून कापताना आत काही ठेवू नये.

खरा धोका वीजपुरवठ्याचा! १९९८ पासून काही वर्षे डेलने प्लग दिसायला नेहमीचाच ठेवला, तारांचा क्रम मात्र बदलला. तो साध्या बोर्डाला जोडला की बोर्ड गेलाच. पुरवठा नवा, प्रमाणित एटीएक्सच घ्यावा. समोरच्या बटणाच्या तारा मल्टिमीटरने शोधाव्यात.

मजुरी आधी ठरवावी. नवी साधी पेटी स्वस्त पडत असेल, तर गिऱ्हाइकाला तसे सांगावे.