साडेतीन टनांचा हिशोब

ऑस्ट्रेलियात मोठ्या गाड्यांच्या जाहिरातीत एक आकडा हमखास ठळक छापलेला असतो: ३५०० किलो. स्वतःचे ब्रेक असलेली एवढ्या वजनाची कॅरॅव्हॅन, बोट किंवा घोड्यांची ट्रॉली ही गाडी मागे ओढू शकते, असा त्याचा अर्थ. टोयोटा लँडक्रूझर असो वा निसान पॅट्रोल, आकडा तोच. मे महिन्यात दक्षिणेकडे थंडी पडू लागली की व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियातून या जोड्या उत्तरेच्या उबेकडे निघतात. पुढे ऐसपैस फोर-व्हील ड्राइव्ह वॅगन आणि मागे पांढरी कॅरॅव्हॅन. बहुतेक वेळा आत निवृत्त जोडपं असतं, आणि घरी परतायची त्यांना मुळीच घाई नसते.

ॲडलेडला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने अशी गाडी घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, ‘साडेतीन टन ओढेल ना?’ ओढेल. इंजिनाची त्याबद्दल काही तक्रार नसते. सध्याच्या लँडक्रूझर ३०० मधलं ३.३ लिटरचं व्ही-सिक्स डिझेल इंजिन ७०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि चढावर कॅरॅव्हॅन मागे आहे हे विसरायला लावतं. अडचण वेगळीच आहे. ओढण्याची क्षमता आणि अंगावर वजन घेण्याची क्षमता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत फक्त पहिली दिसते.

हिशोब करून पाहू. टाकी भरलेली, माणसं नसलेली लँडक्रूझर ३०० मॉडेलनुसार थोडी कमी-जास्त, पण साधारण २५५० किलो भरते. गाडी, माणसं आणि सामान मिळून कायद्याने कमाल मर्यादा ३२८० किलोची. म्हणजे ७३० किलोची मुभा. आता मागे ३५०० किलोची कॅरॅव्हॅन जोडा. तिच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या टो-बॉलवर, म्हणजे कॅरॅव्हॅन अडकवायच्या मागच्या गोळ्यावर, टेकलेला असावा, असा ऑस्ट्रेलियातला सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे ३५० किलो. हे वजन गाडीच्या खात्यावर पडतं. उरले ३८० किलो. चार मोठी माणसं बसली की ३०० गेले. राहिलेल्या ८० किलोंत पुढचा पोलादी बुलबार, दुसरी बॅटरी, फ्रिज, टपावरचं कॅरिअर, हत्यारांची पेटी आणि पाणी बसवायचं. बसत नाही. एकटा बुलबारच त्यातला मोठा वाटा खातो.

शिवाय गाडी आणि कॅरॅव्हॅन दोन्ही मिळून एक वेगळी मर्यादा असते, या मॉडेलसाठी ६७५० किलो. काही पिकअप गाड्यांत हीच मर्यादा आधी आडवी येते. टो-बॉलवरचं वजन मागच्या चाकांच्याही मागे लटकत असल्याने ते तरफेसारखं काम करतं. चाकांपासून बॉल सव्वा मीटर मागे असेल, तर ३५० किलोंचा भार मागच्या ॲक्सलवर पाचशे किलोंच्या आसपास होतो आणि पुढची चाकं तेवढ्या प्रमाणात हलकी होतात. स्टिअरिंग आणि ब्रेक तर पुढच्या चाकांच्या जिवावर चालतात. म्हणून मागून बसलेली आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांकडे रोखलेली गाडी पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो.

हा हिशोब कागदावर सोडून देऊ नये. ऑस्ट्रेलियात सार्वजनिक वजनकाटे आहेत. प्रवासाला निघताना जसं सामान भरतो तसं भरून, सगळी माणसं बसवून, पाण्याच्या टाक्या भरून काट्यावर जायचं. आधी पूर्ण जोडी, मग फक्त गाडीची चाकं, मग सोडवलेली कॅरॅव्हॅन. मावसभावाने गाडीची पसंती ठरवण्याआधीच मित्राची जोडी अशी तोलून पाहिली आणि २८०० किलोंपेक्षा जड कॅरॅव्हॅन घ्यायची नाही हे तिथेच पक्कं केलं. माझ्या मते त्या सबंध खरेदीतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

वजन किती आहे याइतकंच ते कुठे ठेवलंय, हेही महत्त्वाचं. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या लावल्या की मागची ट्रॉली कशी डुलत चालते, हे आपण हंगामात रोज पाहतो. ट्रॅक्टरचा वेग बेताचा म्हणून निभावतं. तीच हालचाल ताशी शंभर किलोमीटरला झाली तर कॅरॅव्हॅन गाडीला फिरवून आडवी पाडते. सायकली, स्टेपनी, हत्यारं कॅरॅव्हॅनच्या शेपटीकडे टांगली की बॉलवरचं वजन घटतं आणि हा धोका वाढतो. समोरून किंवा शेजारून ५३ मीटर लांबीची रोड ट्रेन गेली की हवेचा जो धक्का बसतो, तोही डुलणं सुरू करायला पुरतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबण्याची ऊर्मी आवरायची, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने हाताने फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावायचे. ती मागे खेचली जाते आणि जोडी सरळ होते. ७५० किलोंपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. दोन टनांपुढे ते सर्व चाकांना हवेत, आणि ट्रेलर सुटलाच तर आपोआप लागणारे हवेत.

जोडणी करताना पाहण्यासारखं असतं. वॅगन इंच इंच मागे येते, पुढचं छोटं चाक फिरवत कॅरॅव्हॅनचं तोंड बॉलवर उतरवलं जातं, खटका बसल्याचा आवाज येतो. मग जाणता माणूस तेच छोटं चाक उलटं फिरवून कॅरॅव्हॅन थोडी वर उचलून पाहतो. गाडीची पाठही सोबत उचलली गेली तरच बॉल नीट अडकला. त्यानंतर दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावायच्या, म्हणजे जोड निसटलाच तर कॅरॅव्हॅनचं तोंड रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतं. शेवटी दिव्यांचा प्लग. या कामात गप्पा मारणाऱ्याला मी बाजूला व्हायला सांगेन.

पिकअपपेक्षा वॅगन का, असं विचारणारे पुष्कळ आहेत. पिकअप स्वस्त पडते आणि तिलाही ३५०० चा आकडा मिळतो. पण ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्या वजनापेक्षा जितकी हलकी, तितका तिच्यावर मागच्याचा अंमल जास्त. मोठी वॅगन पिकअपपेक्षा काही शे किलो जड असते आणि तिथे तो जडपणा कामी येतो. पिकअपच्या हौद्यात मागच्या टोकाला सामान आणि त्याखाली बॉलवर कॅरॅव्हॅन असं दुहेरी ओझं लादून चासी वाकल्याची उदाहरणं ऑस्ट्रेलियात थोडी नाहीत.

लँडक्रूझर तिथे इतकी रुजली त्यामागे एक धरण-प्रकल्प आहे. १९४९ ते १९७४ या काळात स्नोई माउंटन्स जलविद्युत योजनेचं काम चाललं. डोंगर, बर्फ, चिखल आणि तीसहून अधिक देशांतून आलेले एक लाखावर कामगार. कंत्राटदार लेस्ली थीस यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस जपानहून लँडक्रूझर आणवल्या. युद्ध संपून फार वर्षं झाली नव्हती आणि जपानी मालाबद्दल मनात अढी होती. गाड्यांनी काम केलं आणि अढी गेली. मूळ गाडी १९५१ ची, टोयोटा जीप बीजे. त्याच वर्षी चाचणीचालक इचिरो ताइरा यांनी ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवली. लँडक्रूझर हे नाव १९५४ चं. अमेरिकी जीपच्याच घराण्यातली दुसरी शाखा आपल्याकडे वाढली. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि आज चाकणला तयार होणारी स्कॉर्पिओ २०२३ पासून ऑस्ट्रेलियात विकली जाते. तिची ओढण्याची मर्यादा २५०० किलो. छोट्या कॅरॅव्हॅनला ती पुरेशी आहे, आणि वजनाचा मेळ प्रामाणिकपणे घातला तर अनेक कुटुंबांना तेवढीच लागते.

ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटाशी आपल्या बाजूचा आणखी जुना धागा आहे. १८६६ मध्ये कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि त्यांना हाकणारे साउथ ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाला उतरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढची कित्येक दशकं आतल्या भागातलं पीठ, लोकर आणि तारेचे खांब या उंटांच्या पाठीवरून गेले.

कॅरॅव्हॅन मात्र खऱ्या वाळवंटात नेऊ नये. बर्ड्सविलसारख्या गावात ती उभी करून पुढे एकट्या गाडीने जायचं. गावाच्या पश्चिमेला ३५ किलोमीटरवर ‘बिग रेड’ नावाची सुमारे ४० मीटर उंच वाळूची टेकडी आहे, आणि तिच्यापलीकडे सिम्प्सन वाळवंटातल्या अकराशे समांतर टेकड्या. वांगकांगुरू लोक तिथल्या विहिरींच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या राहिले. मोटारीने हे वाळवंट पहिल्यांदा पार केलं ते १९६२ मध्ये भूशास्त्रज्ञ रेग स्प्रिग यांनी, निसान पॅट्रोलमधून, पत्नी ग्रिसेल्डा आणि दोन मुलांसह. एडियाकाराचे अतिप्राचीन जीवाश्म शोधणारे ते हेच. आखलेली वाट नाही आणि मागच्या सीटवर पोरं. त्या कुटुंबाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

वाळूत पहिलं काम टायरची हवा काढणं. डांबरी रस्त्यावर ३५-४० पौंड असलेली हवा १६-१८ वर आणायची. टायर खाली पसरतो, त्याचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो आणि गाडी वाळू उकरण्याऐवजी तिच्यावरून चालते. अशा टायरवर जोरात वळण घेतलं तर टायर रिमवरून उतरतो, आणि डांबरावर पुन्हा आल्यावर हवा भरली नाही तर तापून फाटतो. म्हणून कॉम्प्रेसर नसलेल्या गाडीने वाळूत जाऊच नये. दुसरं काम लो रेंज टाकणं. इथे गाडीचा वेग कमी होऊन चाकावरचा जोर बराच वाढतो, त्यामुळे क्लच किंवा गिअरबॉक्स न जाळता हळू चढता येतं. डिफरन्शियल लॉक हे शेवटचं हत्यार. एक चाक हवेत लटकलं की सगळा जोर त्याच मोकळ्या चाकात वाया जातो. लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. घट्ट रस्त्यावर तो लगेच काढावा, नाहीतर वळताना ॲक्सलवर ताण येतो.

टेकडीच्या माथ्यापलीकडून येणारी गाडी दिसत नाही, म्हणून सिम्प्सनमध्ये जमिनीपासून किमान साडेतीन मीटर उंचीवर झेंडा लावावा लागतो आणि रेडिओ चॅनल १० चालू ठेवतात. साउथ ऑस्ट्रेलियाकडचा भाग १ डिसेंबर ते १५ मार्च बंद असतो, उष्णतेमुळे. माउंट डेअर ते बर्ड्सविल या पाचशेहून अधिक किलोमीटरांत डिझेल कुठेही मिळत नाही.

गाडी रुतलीच तर फावडं आणि चाकाखाली घालायच्या पट्ट्या आधी वापराव्यात. दुसऱ्या गाडीने ताणणाऱ्या पट्ट्याने ओढायची वेळ आलीच, तर पट्टा टो-बॉलला कधीही अडकवू नये. बॉल तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. यात माणसं मेली आहेत. चासीला बसवलेला, क्षमता नोंदवलेला हूकच वापरावा आणि बघ्यांना लांब उभं करावं.

मालकीचा रोजचा खर्च डोळ्यांत भरतो. लँडक्रूझरची सर्व्हिस दर सहा महिन्यांनी किंवा १०,००० किलोमीटरला. कॅरॅव्हॅन मागे असताना शंभर किलोमीटरला २० लिटर डिझेल सहज लागतं, म्हणजे ११० लिटरच्या टाकीत साडेपाचशे किलोमीटर. मातीच्या रस्त्यांवर आडव्या लाटा पडलेल्या असतात. ठराविक वेगापुढे चाक फिरलं की सैल मातीत त्या आपोआप उठतात. त्यांवरून तासन्‌तास गेल्यावर शॉकअपमधलं तेल तापून फेसाळतं, नटबोल्ट ढिले होतात, एअर फिल्टर लाल धुळीने भरतो. मुक्कामी पोचल्यावर पाना घेऊन गाडीखाली शिरायची सवय लागते.

जुनी गाडी घेणार असाल तर टपाची चमक पाहू नका, गाडीखाली आडवे व्हा. केगरी बेटासारख्या ठिकाणी समुद्रकिनाऱ्यावरच गाड्या धावतात, आणि खारं पाणी चासीच्या आतून गंज धरतं. मागच्या बॉलच्या आजूबाजूला ताजा काळा रंग असेल तर तो का दिला, हे विचारा. कॉइल स्प्रिंगच्या जागांना वेल्डिंगचे डाग आहेत का बघा. डिफरन्शियलचं झाकण उघडून थोडं तेल बोटावर घ्या. ते दुधी दिसलं तर गाडी ॲक्सलच्या वरपर्यंत पाण्यात गेली होती, आणि मालकाने त्यानंतर तेल बदललेलं नाही.