पिकअपला स्पेसर: काय वाढतं आणि काय वाढत नाही

उत्तन, पाली, चौक इथून पहाटे बर्फ आणि मासळी घेऊन निघणारे पिकअप असोत, की भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी वाहणारे छोटे टेम्पो, मालकांचं दुखणं एकच असतं: गाडी खाली घासते. मेट्रोच्या कामाने उखडलेले रस्ते, सोसायट्यांच्या दारातले उंच गतिरोधक, घोडबंदरकडे जाताना लागणारे खड्डे. मग कुणीतरी सांगतं, ‘स्पेसर टाक, काही हजारांत गाडी दोन इंच वर येते.’ गाडी वर येते हे खरंच आहे. पण तिच्यातलं नेमकं काय वर येतं, याचा हिशेब गॅरेजमध्ये फारसा कुणी करून देत नाही.

स्पेसर म्हणजे स्प्रिंग आणि चासी यांच्यामध्ये बसवायची पॉलीयुरेथेनची, ॲल्युमिनियमची किंवा लोखंडाची जाड चकती. ती चासी वर उचलते. चाकं आणि ॲक्सल जिथे होते तिथेच राहतात. ‘स्पेसरने ग्राउंड क्लिअरन्स वाढतो’ हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे. आपल्याकडच्या मालवाहू पिकअपना मागे अखंड ॲक्सल असतो आणि त्याच्या मधोमध असलेलं डिफरन्शियलचं घर हा बहुतेक वेळा गाडीचा सर्वांत खालचा भाग असतो. त्याची जमिनीपासूनची उंची ठरते ती फक्त टायरच्या आकारावरून. दोन इंचांचा स्पेसर टाकला तरी डिफरन्शियल होतं तिथेच राहतं. गतिरोधकावर गाडीचं पोट घासत असेल, पायरी किंवा सायलेन्सर आपटत असेल, तर फरक नक्की पडतो. खड्ड्यातला दगड मात्र डिफरन्शियलला पूर्वीसारखाच लागणार.

पाण्याचंही तसंच. २६ जुलैच्या पुराच्या आठवणी असलेल्या आपल्या भागात ‘गाडी उंच केली, आता पाण्यातून काढता येईल’ हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं. चाकांची बेअरिंग, ब्रेक आणि डिफरन्शियल पूर्वीइतकेच बुडतात. गरम झालेला ॲक्सल पाण्यात एकदम थंड पडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या नळीतून किंवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. साचलेल्या पाण्यातून गाडी काढावीच लागली असेल, तर नंतर ॲक्सलचं तेल तपासून घ्या. ते दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला.

मुळात स्पेसर प्रत्येक गाडीला बसतही नाही. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स यांना पुढे कॉइल स्प्रिंग असते, तिथे चकतीला जागा आहे. टाटा एसला पुढेही ॲक्सल आणि पाटेच आहेत. जिथे कॉइलच नाही तिथे चकती बसवणार कुठे? पाट्यांच्या गाडीत उंची वाढवतात ती पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी गुटका घालून आणि लांब यू-बोल्ट लावून. मागच्या ॲक्सलला हे चालतं, पण गुटका एकसंध हवा आणि पाट्याच्या सेंटर बोल्टसाठी त्यात नेमकं छिद्र हवं. यू-बोल्ट नवे घ्या. जुने एकदा ताणले गेलेले असतात आणि मासळीच्या गाडीत तर खारट पाण्याने पोखरलेलेही असतात. एकावर एक दोन गुटके, लाकडाचा तुकडा, वेल्डिंग केलेल्या पट्ट्या, यातलं काहीही चालणार नाही. पुढच्या ॲक्सलला तर गुटका मुळीच घालू नका. जोराचा ब्रेक मारताना सर्वांत जास्त ताण पुढच्या ॲक्सलवर येतो. गुटक्यामुळे तो ताण पाट्याला पीळ घालतो आणि स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन बिघडतो.

‘एक इंचाचा स्पेसर म्हणजे एक इंच उंची’ हाही गैरसमज आहे. पुढची कॉइल आणि शॉकॲब्सॉर्बर चाकावर उभे नसतात. ते खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकलेले असतात. त्यामुळे वरच्या टोकाला एक इंच जाडी वाढवली, तर चाकापाशी जवळजवळ दुप्पट फरक पडतो. दोन इंच उंची हवी म्हणून दोन इंचांचा स्पेसर घेणाऱ्याची गाडी पुढून चारच्या घरात उचलली जाते. मग बॉल जॉइंट टोकाच्या कोनात काम करू लागतात. चार चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत पुढच्या शाफ्टचे रबरी बूट फाटतात, ग्रीस गळतं आणि रेती आत जाते. चाकाचा कॅम्बर आणि कॅस्टर बदलतो, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढ कमी होते, टायर एका कडेने झिजतो. स्पेसरनंतर अलाइनमेंट केलंच पाहिजे. पण बदल मोठा असेल तर अलाइनमेंटवालाही तो पुरता सुधारू शकत नाही, कारण समायोजनाला मर्यादा असते.

गाडी पुढून खाली झुकलेली दिसते म्हणून फक्त पुढचा भाग उचलणारेही पुष्कळ आहेत. पिकअप रिकामा असताना मागून उंच असतो तो मुद्दामच, माल चढला की समतल व्हावा म्हणून. पुढून उचललेली गाडी माल भरल्यावर नाक वर करून धावते आणि तिचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

आता सगळ्यांत महाग पडणारा समज: ‘गाडी उंच झाली, आता माल जास्त बसेल.’ पलंगाच्या पायांखाली विटा ठेवल्या की पलंग उंच होतो, मजबूत होत नाही. स्प्रिंगचा ताठपणा, ॲक्सल, ब्रेक आणि टायर सगळे तेच राहतात. उलट गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये वाढतात.

ब्रेकची गोष्ट तर गॅरेजमध्ये क्वचितच निघते. अनेक पिकअपमध्ये चासीपासून मागच्या ॲक्सलपर्यंत एक छोटा दांडा जोडलेला असतो. माल भरला की चासी खाली बसते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की तो ब्रेक कमी करतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही. मागे गुटका घातला की चासी आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर वाढतं आणि व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते. भरलेल्या गाडीलाही मागे ब्रेक कमी मिळतो. घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखच्या उतारावर, पावसात, मागे टनभर माल असताना ब्रेक लांब लागला, तर चालक दोष ब्रेकपॅडला देईल. दांड्याचा ब्रॅकेट नव्या उंचीनुसार बसवून घेणं आणि ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना हे पाहणं, याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका.

कायद्याबद्दल ‘आरसीवर उंची लिहिलेली नसते, म्हणजे चालतं’ असं सांगितलं जातं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. तिथे हा गुटका नजरेस पडू शकतो. अपघात झाला आणि विमा कंपनीला हा बदल कळवलेला नसेल, तर दावा अडकण्याची भीती आहेच.

माझं मत स्पष्ट आहे. पोटासाठी चालणाऱ्या पिकअपला स्पेसर लावू नये. अशा बहुतेक गाड्या मुळात खाली नसतात, त्यांचे पाटे बसलेले असतात. समतल जागेवर रिकामी गाडी उभी करा आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. डाव्या-उजव्या बाजूंत फरक असेल, किंवा तशाच नव्या गाडीपेक्षा अंतर कमी भरत असेल, तर पाटेवाल्याकडे जा. तुटलेला पाटा, झिजलेले बुश, गळका शॉकॲब्सॉर्बर बदलून घ्या. गाडी मूळ उंचीवर येईल, ब्रेक आणि कागदपत्रं जागेवर राहतील. स्पेसरसाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी या कामाला लावा.