चार एमबीचं गाणं बेचाळीस एमबीचं कसं होतं?

एक साधा हिशेब करून बघा. संगणकात चार मिनिटांचं एक गाणं आहे. एमपीथ्री फाइल, १२८ केबीपीएसची. तिचा आकार भरतो जेमतेम ४ एमबी. आता हेच गाणं कोऱ्या सीडीवर 'ऑडिओ सीडी' म्हणून बर्न करा, म्हणजे जुन्यातल्या जुन्या सीडी प्लेयरमध्येही वाजेल अशा रूपात. चकतीवर त्यानं किती जागा घेतली? ४२ एमबी! मग वरचे ३८ एमबी आले कुठून? बर्न करता करता गाणं दहापट चांगलं झालं की काय?

नाही. कणभरही नाही. आणि तरी त्या ३८ एमबींमध्ये फसवणूकही नाही. थोडं आणखी खोलात गेलात तर कळतं, की चकतीच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष कोरलं जातं ते ४२ एमबीसुद्धा नसतं, ते असतं जवळजवळ १३० एमबी. चाराचे बेचाळीस, बेचाळिसाचे एकशेतीस, आणि गाणं मात्र जितकं होतं तितकंच. हा काय प्रकार आहे?

सुरुवात सीडीपासून करू. आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. सीडी हा दाब एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजते, डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंसाठी वेगळा, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवते. गुणाकार केला की सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट होतात. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो, आणि कुठलीही लहर पकडायला तिच्या वारंवारितेच्या दुपटीहून जास्त वेळा माप घेतलं की पुरतं. म्हणजे चाळीस हजारांच्या थोडं वर हवं, हे ठीक. पण बरोबर ४४,१००च का? पंचेचाळीस हजार का नाही?

कारण दूरदर्शनचा पडदा! १९७०च्या दशकात आकड्यांचा एवढा लोंढा साठवू शकेल असं हाताशी असलेलं साधन होतं व्हिडिओ टेप. मग अभियंत्यांनी आवाजाचे आकडे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत बदलले आणि जणू चित्रच आहे असं समजून टेपवर उतरवले. अमेरिका-जपानच्या टीव्हीत सेकंदाला ६० चित्रक्षेत्रं, प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ रेघा, आणि एका रेघेत ३ मापं. गुणून बघा: ४४,१००. युरोपातल्या टीव्हीची रचना वेगळी, तिथे ५० चित्रक्षेत्रं आणि २९४ रेघा. पुन्हा तीनने गुणा: ४४,१००! सोनी आणि फिलिप्सनी १९८०मध्ये सीडीचे नियम ठरवले तेव्हा हाच आकडा घेतला, आणि ऑक्टोबर १९८२मध्ये जपानात पहिले सीडी प्लेयर विकायला आले. आज आपल्या फोनमध्ये टेप नाही की पडद्यावरच्या रेघा नाहीत, पण असंख्य गाण्यांच्या पोटात तोच आकडा बसलेला आहे.

आता एमपीथ्री. तिला सेकंदाला मिळतात फक्त १ लाख २८ हजार बिट. म्हणजे मूळच्या अकरा भागांतले दहा भाग टाकून दिलेले. एखाद्या पुस्तकाच्या अकरा पानांतली दहा फाडली तर काय उरेल? इथे मात्र बहुतेकांना काही गेलंय हे कळतच नाही. हे कसं शक्य आहे?

याचं उत्तर गाण्यात नाही, ते आपल्या कानात आहे.

गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाचं पथक समोर वाजत असताना शेजारचा माणूस तुम्हाला हाक मारतो. त्याच्या आवाजानं हवा हलते, ती हालचाल तुमच्या कानाच्या पडद्यापर्यंत पोचतेही. पण तुम्हाला ऐकू येत नाही. मोठ्या आवाजाखाली लहान आवाज बुडतो, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र त्याचे बारकावे थक्क करणारे आहेत. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत प्रत्येक स्वराची थरथरण्याची आपली जागा असते. एखादा स्वर जोरात आला की त्याच्या शेजारच्या जागाही त्याच्याच हालचालीत ओढल्या जातात, त्यामुळे जवळचे स्वर जास्त बुडतात, लांबचे कमी. खालचे स्वर वरच्यांना सहज झाकतात, उलटं तितकंसं होत नाही. एबरहार्ड त्स्विकर या जर्मन संशोधकानं हे सगळं काटेकोर मोजलं आणि ऐकू येणाऱ्या पूर्ण पल्ल्याचे २४ पट्टे पाडले.

त्याहून विलक्षण गोष्ट काळाची. मोठा आवाज थांबल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ, कधी त्याहूनही जास्त, त्याच्या मागचे बारीक आवाज ऐकू येत नाहीत. हेही समजू शकतं. पण मोठा आवाज येण्याच्या काही मिलिसेकंद *आधी* आलेला बारीक आवाजसुद्धा बुडतो! जो आवाज अजून आलेलाच नाही तो आधीच्या आवाजाला कसा झाकेल? कानापासून मेंदूतल्या 'ऐकलं' या जाणिवेपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि मागून आलेला जोरकस आवाज वाटेत पुढच्याला गाठतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. आपण 'आत्ता' ऐकतो म्हणतो ते किती उशिरा आणि किती निवडून ऐकतो!

कानाच्या याच सवयी पुढे कामी आल्या. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये डीटर झाइट्झर या प्राध्यापकांना टेलिफोनच्या तारेतून संगीत पाठवायचं होतं. त्यांचा पेटंटचा अर्ज परीक्षकानं 'हे अशक्य' म्हणून परत पाठवला. झाइट्झरनी तो प्रश्न आपल्या एका विद्यार्थ्याच्या हाती दिला. त्याचं नाव कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग. पुढे त्यानं आणि फ्राउनहोफर संस्थेतल्या सहकाऱ्यांनी, इतर देशांतल्या संशोधकांबरोबर, जे घडवलं ते म्हणजे एमपीथ्री. '.एमपीथ्री' हे फाइलचं शेपूट मात्र ठरलं १४ जुलै १९९५ला.

एमपीथ्री घडत असताना ब्रांडेनबुर्गला सगळ्यांत जास्त छळलं ते एका साध्या गाण्यानं. सुझॅन व्हेगाचं 'टॉम्स डायनर': एकटा आवाज, साथीला एकही वाद्य नाही. मोठे वाद्यमेळ नीट उतरत होते आणि हा एकटा गळा भेसूर होत होता. का? कारण झाकायला काही नव्हतंच. आणि हे कळायला एमपीथ्री नेमकं काय करते ते बघायला हवं.

पुष्कळांना वाटतं की ती न ऐकू येणारे सूर कापून टाकते. तेही थोडंफार करते, पण खरी करामत दुसरीच. ती आवाजाचे साधारण २६ मिलिसेकंदांचे घास करते, घासाच्या प्रत्येक अर्ध्या भागाच्या ५७६ बारीक पट्ट्या पाडते, आणि प्रत्येक पट्टीला विचारते: इथे मी किती ढोबळ माप ठेवलं तर या कानाला पत्ता लागणार नाही? जिथे शेजारी जोरात वाजतंय तिथे माप अगदी ढोबळ. ढोबळ मापानं चूक होते, चूक म्हणजे खरखर. ती खरखर फाइलमध्ये राहतेच! फक्त ती त्या त्या क्षणी वाजणाऱ्या मोठ्या स्वराच्या बरोबर खाली रचलेली असते. म्हणजे १२८ केबीपीएसचं गाणं ऐकताना तुमच्या कानात सतत खरखर शिरत असते, आणि गाणं स्वतःच ती झाकत असतं. एकट्या गळ्याच्या मागे शांतता असते. तिथे खरखर लपवणार कुठे? ब्रांडेनबुर्गनं ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकून आपली रीत दुरुस्त केली. पुढे रायन मॅग्वायर या संगीतकारानं उलटा उद्योग केला. याच गाण्यातून एमपीथ्री करताना जे जे गळलं ते वेगळं काढून त्यानं त्याचीच एक रचना बनवली. टाकून दिलेल्या ऐवजातही एक धूसर, ओळखीचा सूर उरलेला आहे.

ही विद्या फसते कुठे? तबल्यावर. शांततेतून एकदम कडक 'ना' येतो ना, तिथे. एका घासातली खरखर त्या घासभर पसरते, म्हणजे थापेच्या आधीच्या शांततेतही. कान थोडे मिलिसेकंद माफ करतो, त्याहून जास्त नाही. मग थापेच्या आधी एक पुसट फुत्कार ऐकू येतो. पाश्चात्य अभियंते ही परीक्षा स्पेनच्या कॅस्टनेट या चिपळ्यांसारख्या वाद्यावर घेतात. उपाय म्हणून एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर, अशा जागी घास तोडून चार-चार मिलिसेकंदांचे करतं, पण त्याला बिट जास्त लागतात. तानपुऱ्याच्या जवारीतली दाट स्वरगर्दी, सभागृहातल्या टाळ्या, हीसुद्धा खर्चिक प्रकरणं. म्हणून शास्त्रीय संगीताला १२८ देणं मला कंजूषपणाचं वाटतं. २५६ किंवा ३२० दिले की मूळ सीडी कुठली हे बहुतेकांना ओळखता येत नाही.

आता बर्न करू. सीडी प्लेयरला पट्ट्या-बिट्ट्या कळत नाहीत, त्याला हवेत सेकंदाला प्रत्येक बाजूचे ४४,१०० आकडे. म्हणून बर्न करणारं सॉफ्टवेअर आधी एमपीथ्री उलगडतं, ढोबळ मापांवरून पुन्हा लहर उभी करतं, आणि तिचे पूर्ण आकडे लिहून काढतं. झाले ४२ एमबी. सुके वाटाणे रात्री भिजत घातले की सकाळी पातेलं भरून जातं, पण वाढलेलं असतं ते पाणी. इथेही तसंच. खरखरीसकट सगळं जसंच्या तसं, फक्त ऐसपैस लिहिलेलं.

आणि मग चकती. कोऱ्या सीडीत, म्हणजे सीडी-आरमध्ये, रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि कारखान्यातच पाडलेली एक सर्पिल खाच, आतून बाहेर जाणारी, दोन वेढ्यांमध्ये अंतर १.६ मायक्रॉन. ती सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल! ही खाच मुद्दाम किंचित नागमोडी केलेली असते. त्या नागमोडीवरूनच लेझरला कळतं की आपण कुठे आहोत आणि चकती किती वेगानं फिरायला हवी. लिहिताना लेझरचा जोर वाढतो, जागोजागी रंगद्रव्य तापून बदलतं आणि तिथे प्रकाश परततो कमी. वाचणाऱ्या प्लेयरला ते कारखान्यातल्या सीडीच्या खळग्यांसारखंच दिसतं.

पण आकडे सरळ लिहिले तर एका ओरखड्यानं गाणं तुटेल. म्हणून इथे एमपीथ्रीच्या अगदी विरुद्ध कला सुरू होते. तिथे अनावश्यक ते सगळं काढलं, इथे मुद्दाम जास्तीचं घालायचं. संगीताच्या दर २४ बाइटना ८ बाइट संरक्षणाचे, अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या गणितज्ञांनी १९६०मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेले. शिवाय आणखी एक बाइट गाण्याचा क्रमांक-वेळ वगैरे सांगायला. मग प्रत्येक ८ बिटांचे १४ करायचे, कारण फार आखूड किंवा फार लांब खुणा लेझरला नीट वाचता येत नाहीत. वर जोडबिट आणि सुरुवातीची खूण. संगीताचे १९२ बिट अशा रीतीनं ५८८ होतात. हेच ते १३० एमबी! शिवाय लगतचे बाइट लगत लिहीतच नाहीत, ते मार्गावर दीड सेंटिमीटरहून जास्त लांबीत विखुरतात. त्यामुळे सलग सुमारे अडीच मिलिमीटर मार्ग खराब झाला तरी नुकसान अनेक ठिकाणी थोडं थोडं वाटलं जातं, आणि गणितानं प्रत्येक हरवलेला आकडा *बरोबर तोच* परत मिळतो. त्याहून मोठी जखम असेल तर प्लेयर आजूबाजूच्या आकड्यांवरून मधला आकडा अंदाजानं भरतो, आणि कान तेही चालवून घेतो.

संगणकाच्या फाइलमध्ये असा अंदाज चालत नाही. म्हणून डेटा सीडीवर संरक्षणाचा आणखी एक थर असतो आणि जागा कमी उरते: जिच्यावर ७०० एमबी लिहिलेलं असतं तिच्यावर ८० मिनिटांचं, म्हणजे ८४० एमबीहून जास्त संगीत मावतं. उलट त्याच चकतीवर एमपीथ्री फाइली तशाच डेटा म्हणून भरा, १२८ केबीपीएसनं साडेबारा तासांहून अधिक गाणी बसतील. फक्त उलगडायचं काम मग प्लेयरला करावं लागतं, आणि ते त्याला यायला हवं. आवाजात फरक? काही नाही. तीच फाइल, आधी उलगडली काय नि नंतर काय.

महागडी चकती घेतली, सावकाश बर्न केली तर आवाज खुलतो असं सांगणारे भेटतात. चकती स्वच्छ वाचली गेली तर आकडे तेच, आणि प्लेयर ते आधी साठवून आपल्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर सोडतो, चकतीच्या फिरण्यावर नाही. चांगली चकती घ्यावी ती टिकण्यासाठी. आवाजाचा निकाल केव्हाच लागलेला असतो, एन्कोडरनं ढोबळ माप निवडलं त्या क्षणी.

एका ठिकाणी मात्र बर्न करताना जपावं लागतं. एमपीथ्री घास ठरावीक मापाचेच घेते, त्यामुळे फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटते. सुटी गाणी असतील तर कुणाला कळणारही नाही. पण मैफिलीचं सलग ध्वनिमुद्रण तुकड्यांत कापलेलं असेल तर आलापातून बंदिशीत शिरताना जोडावर तानपुरा क्षणभर तुटतो. काही सॉफ्टवेअर प्रत्येक दोन ट्रॅकच्या मध्ये आपणहून दोन सेकंदांची फट घालतात, ती वेगळीच. ट्रॅक आधी जोडून घ्यावेत आणि 'डिस्क ॲट वन्स', म्हणजे सगळी चकती एका दमात लिहिण्याचा पर्याय, निवडावा.

आणि अशी बर्न केलेली सीडी कुणी पुन्हा एमपीथ्री करू लागला तर? नवा एन्कोडर जुनी खरखर हे संगीतच समजतो, तिच्यावरही बिट खर्च करतो आणि वर आपली नवी खरखर रचतो. म्हणून मूळ सीडीवरून गाणी काढताना फ्लॅक हा फाइलचा प्रकार वापरावा. तिथे आकार साधारण निम्म्यावर येतो, आणि उलगडल्यावर एकूण एक आकडा मूळचाच मिळतो.

कुठली सीडी एमपीथ्रीवरून बर्न केलीय हे ओळखताही येतं. तिच्यावरचं गाणं संगणकात घेऊन त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारितेला किती जोर आहे ते दाखवणारं चित्र, उघडा. अस्सल सीडीत झांजेचा उजेड २०,००० हर्ट्‌झच्या पुढेही धूसर होत गेलेला दिसतो. १२८ केबीपीएसवरून आलेल्या सीडीत बहुधा १६,००० हर्ट्‌झच्या आसपास सरळ रेघ मारल्यासारखा काठ असतो आणि त्याच्यावर पूर्ण काळोख. आकडे ४२ एमबीचे, पण तेवढा वरचा सगळा भाग रिकामा.