शेनानडोआच्या डोंगरातला एक टप्पा

अ‍ॅपलाचियन ट्रेल ही अमेरिकेच्या पूर्वेकडची सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची डोंगरवाट. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरावरून निघते, 14 राज्यं ओलांडते आणि मेनमधल्या कटाडिनच्या शिखरावर संपते. बेंटन मॅकाय यांनी 1921 साली तिची कल्पना मांडली, 1937 साली ती सलग झाली. सगळी एका दमात चालायची तर पाच ते सात महिने हवेत. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्याला ते कुठून जमणार? पण तोही ही वाट चालू शकतो. यंदा एक टप्पा, पुढच्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढे. असे टप्पे जोडत कुणी वीस वर्षांनी वाट पुरी केली, तरी तिची देखरेख करणारी संस्था त्याची नोंद सलग चालणाऱ्यांच्याच यादीत करते. हा मान मला अगदी रास्त वाटतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी व्हर्जिनियातल्या शेनानडोआ राष्ट्रीय उद्यानाचा मधला भाग सुचवेन: थॉर्नटन गॅप ते स्विफ्ट रन गॅप, अंदाजे 55 किलोमीटर, तीन मुक्काम. वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हा डोंगर गाडीने सकाळी निघून गाठता येतो. गाडी मात्र शेवटच्या ठिकाणी लावा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीने सुरुवातीला या. म्हणजे चालणं आपल्या गाडीकडे होतं आणि शेवटच्या दिवशी कुणाला ताटकळत ठेवल्याची रुखरुख नसते. जंगलात मुक्काम करायचा तर उद्यानाचा परवाना आधी काढून ठेवावा लागतो.

आता वाट वाचायची कशी ते. झाडाच्या खोडावर साधारण डोळ्यांच्या उंचीला पांढरा उभा पट्टा रंगवलेला असतो, 5 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच. तो दिसतोय तोवर आपण वाटेवर आहोत. एकावर एक दोन पट्टे दिसले की सावध व्हायचं, पुढे वळण किंवा फाटा आहे. निळा पट्टा फाट्यावरच्या वाटेचा, पिवळा घोड्यांच्या वाटेचा. बराच वेळ पांढरा पट्टा दिसला नाही तर आधी मागे वळून पाहा. समोरून येणाऱ्यांसाठीही पट्टे असतात, त्यामुळे पाठीमागच्या झाडावर तो सापडला तर वाट बरोबर आहे. तिथेही नसेल तर शेवटच्या पट्ट्यापर्यंत मुकाट्याने परत फिरायचं. अंदाजाने पुढे जायचं नाही. चौकांत सिमेंटचे बुटके खांब आहेत, त्यांना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर ठिकाणांची नावं नि अंतरं मैलांत ठोकलेली असतात. हे पट्टे रंगवणं, पडलेली झाडं कापून बाजूला करणं, पाणी वाहून जायला चर काढणं ही बहुतेक कामं स्वयंसेवक करतात. रंग देण्याआधी ते खोडाची खरबरीत साल हलकेच तासून घेतात, नाहीतर रंग धरत नाही. आपण बिनघोर चालतो ते त्यांच्या जिवावर.

पहिल्या दिवशी मेरीज रॉकचा चढ दम काढतो. पण मुक्काम पाच किलोमीटरवरच ठेवा, पाठीवरच्या ओझ्याची सवय व्हायला तेवढं पुरे. पुढचे दोन दिवस प्रत्येकी अठराएक किलोमीटरचे. रात्रीचा निवारा म्हणजे ‘हट’: तीन भिंती, चौथी बाजू उघडी, आत झोपायला लाकडी फळ्या. जो आधी येईल त्याची जागा, म्हणून आपला तंबू बरोबर हवाच. उंदीरही असतात. खिशात खाऊ विसरलात तर सॅकला भोक पडलंच समजा.

अस्वलांचं मात्र नीट समजून घ्या. इथली काळी अस्वलं माणसापासून लांब राहतात, पण एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की ती धीट होतात आणि अशा अस्वलाला शेवटी मारावंही लागतं. म्हणून प्रत्येक हटजवळ एक उंच लोखंडी खांब असतो, वर आकडे असलेला. सोबत एक लांब, जड दांडा. पिशवीचा बंद दांड्याच्या टोकाला अडकवायचा, दोन्ही हातांनी दांडा उचलायचा, डोलणारी पिशवी आकड्यावर नेमकी बसवायची आणि दांडा सोडवून घ्यायचा. चालून आलेल्या खांद्यांना हे चांगलंच जाणवतं. पिशवीत फक्त जेवण नको, टूथपेस्ट, साबण, मलम, वास येणारं सगळं हवं. मेतकूट आणि चिवडा तर आधी.

पाणी हटजवळच्या झऱ्याचं. गाळून किंवा उकळूनच प्यायचं. पहिल्या मुक्कामाला ते बरंच खाली उतरून आणावं लागतं, म्हणून उजेड असतानाच जा. डोंगरावर खालच्या खोऱ्यापेक्षा पाच-सहा अंशांनी गार असतं, तेव्हा उन्हाळ्यातही एक गरम कपडा ठेवा. गवतातून आलात की पायांवर गोचीड शोधायची. ती लाइम रोग पसरवते.

दुसऱ्या मुक्कामाजवळून हॉक्सबिलला जाणारी वाट फुटते. 1235 मीटरचं हे उद्यानातलं सर्वोच्च शिखर, सॅक हटवर ठेवून जाऊन या. तिसऱ्या दिवशी बिग मेडोजला गरम जेवण मिळतं. त्याच्या पुढे मायलम गॅपपाशी रानात सफरचंदाची जुनी झाडं दिसतात. ती रानटी नाहीत. 1930च्या दशकात हे उद्यान झालं तेव्हा इथल्या चारशेहून अधिक कुटुंबांना डोंगर सोडावा लागला, ही त्यांची बाग. वाटेत कुठे दगडी कुंपण दिसलं तर त्यावर चढू नका, दगड हलवू नका.

शेवटचा दिवस 14 किलोमीटरचा, बराचसा उताराचा. पुढच्या वेळी स्विफ्ट रन गॅपपासून दक्षिणेला रॉकफिश गॅपपर्यंत सुमारे 70 किलोमीटर आहेत. तिकडे मधली दुकानं कमी, म्हणून शिधा जास्त बांधा, आणि शरद ऋतूत जाणार असाल तर कोणते झरे वाहताहेत हे उद्यानाच्या कार्यालयात विचारून मगच निघा.